सभागृह रिकामं असताना: नेपाळच्या १९९० च्या जनआंदोलनाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

८ एप्रिल १९९० च्या रात्री काठमांडूत संचारबंदी होती. रात्री उशिरा नेपाळच्या टीव्हीवर बातमी आली की राजा बीरेंद्र आणि चार विरोधी नेते राजवाड्यात भेटले असून राज्यघटनेतला ‘निर्दलीय’ हा शब्द काढून टाकला जाणार आहे. खोडला गेला तो एकच शब्द, पण त्याच्या जोरावर जवळपास तीस वर्षं नेपाळमधला प्रत्येक राजकीय पक्ष बेकायदा ठरत आला होता. दुसऱ्या दिवशी लोक अबीर उधळत रस्त्यावर आले.

पुढच्या सात महिन्यांत नवी राज्यघटना आली. राजा घटनात्मक झाला आणि सरकार संसदेला जबाबदार झालं. पण ४ ऑक्टोबर २००२ रोजी राजा ज्ञानेंद्र यांनी पंतप्रधानांना ‘असक्षम’ ठरवून पदावरून काढलं, आणि त्यासाठी आधार घेतला तो त्याच राज्यघटनेतल्या एका कलमाचा. लोकांना २००६ मध्ये पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. त्यानंतर दोन वर्षांत राजेशाहीच संपली.

लोकांनी एवढ्या किमतीने घातलेला लगाम बारा वर्षांत सुटला कसा? याचं उत्तर एका राजाच्या चांगुलपणात आणि दुसऱ्याच्या हट्टात शोधलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. नेपाळचा हा सगळा काळ पाहताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: निवडून आलेलं सभागृह बसलेलं नसतं, तेव्हा राज्य कोणाच्या हातात असतं? हे प्रकरण मी त्याच अंगाने मांडतो आहे.

पार्श्वभूमी

नेपाळमध्ये १८४६ पासून शंभर वर्षांहून अधिक काळ खरी सत्ता राणा घराण्याकडे होती. पंतप्रधानपद त्यांच्यातच वंशपरंपरेने चालायचं आणि राजा नावापुरता असायचा. नोव्हेंबर १९५० मध्ये राजा त्रिभुवन यांनी काठमांडूतल्या भारतीय दूतावासात आश्रय घेतला, नेपाळी काँग्रेसने सशस्त्र उठाव केला आणि दिल्लीत तडजोड होऊन राणांची सद्दी संपली. १८ फेब्रुवारी १९५१ रोजी त्रिभुवन यांनी जाहीर केलं की देशाची राज्यघटना जनतेने निवडलेली संविधान सभा तयार करील.

ही सभा प्रत्यक्षात भरायला २००८ साल उजाडलं. मधल्या सत्तावन्न वर्षांची सगळी ओढाताण या न पाळलेल्या शब्दातून आली असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

त्रिभुवन यांचे पुत्र महेंद्र यांनी १९५९ मध्ये संविधान सभेऐवजी स्वतःच राज्यघटना ‘दिली’. त्या वर्षीच्या निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या आणि बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्षाने, १५ डिसेंबर १९६० रोजी, महेंद्र यांनी सैन्य पाठवून कोइरालांना अटक केली, सरकार काढलं आणि संसद बरखास्त केली. यासाठी त्यांना राज्यघटना फाडावी लागली नाही, कारण आणीबाणीचं कलम तिच्यातच होतं. कोइराला जवळपास आठ वर्षं खटल्याविना तुरुंगात राहिले. १९६२ च्या राज्यघटनेने पंचायत व्यवस्था आणली: गावापासून राष्ट्रिय पंचायतीपर्यंत उतरंड, पक्षांना बंदी आणि सगळ्याच्या वर राजा.

विद्यार्थ्यांच्या असंतोषानंतर महेंद्र यांचे पुत्र बीरेंद्र यांनी १९८० मध्ये सार्वमत घेतलं. बहुपक्षीय पद्धत हवी की सुधारलेली पंचायत, असा प्रश्न होता. पंचायतीला सुमारे ५५ टक्के मतं पडली. बी. पी. कोइरालांनी तो निकाल मानला. मात्र ४५ टक्के लोकांना पक्ष हवे आहेत, हे सरकारच्याच मोजणीने त्या दिवशी नोंदवलं गेलं.

समस्या

मार्च १९८९ मध्ये भारत आणि नेपाळ यांच्यातले व्यापार व पारगमन करार संपले आणि नव्याने झाले नाहीत. भारताने दोन वगळता सीमेवरची बहुतेक सगळी नाकी बंद केली. चारही बाजूंनी जमिनीने वेढलेल्या देशात रॉकेल आणि पेट्रोल मिळेना, लोक चुलीसाठी जंगल तोडू लागले. सरकारने सुरुवातीला या अडचणीला राष्ट्रीय स्वाभिमानाचा रंग दिला, पण रांगेत उभ्या माणसाचा राग हळूहळू काठमांडूकडे वळला. त्याच वर्षाच्या अखेरीस पूर्व युरोपातल्या राजवटी एकामागून एक कोसळताना लोकांनी पाहिल्या.

जानेवारी १९९० मध्ये नेपाळी काँग्रेसचे ज्येष्ठ नेते गणेशमान सिंह यांच्या काठमांडूतल्या घराच्या आवारात पक्षाचं संमेलन भरलं. भारतातून चंद्रशेखर आले होते. सात डाव्या गटांनी सहाना प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त वाम मोर्चा बांधला. काँग्रेस आणि कम्युनिस्ट एका मागणीवर एकत्र आले, आणि १८ फेब्रुवारीला, म्हणजे १९५१ च्या त्या घोषणेच्या वाढदिवशीच, आंदोलन सुरू झालं.

पहिल्या काही दिवसांत ते फार जोरात नव्हतं. ते पसरलं पांढरपेशांमुळे आणि काठमांडू खोऱ्यातल्या मूळच्या नेवार समाजाच्या जुन्या शहरांमुळे. लेखक तोंडाला काळी पट्टी बांधून रस्त्याकडेला बसले, डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी काम थांबवलं, संध्याकाळी घराघरांतले दिवे एकदम विझू लागले. मार्चच्या शेवटी काठमांडूला लागून असलेल्या पाटणच्या रहिवाशांनी शहरात येणाऱ्या रस्त्यांवर चर खणले आणि पोलिसांना आठवडाभर बाहेर ठेवलं. दिवा विझवायला पक्षाचं सभासदत्व लागत नाही आणि कोणी कोणाला अटक करावी हेही कळत नाही. सामान्य माणसाला धोका कमी आणि सहभाग पुरा, असं या आंदोलनाचं तंत्र होतं.

६ एप्रिलला सकाळी राजाने पंतप्रधान मरिचमान सिंह श्रेष्ठ यांना काढून लोकेंद्र बहादूर चंद यांना नेमलं आणि राज्यघटनेत सुधारणा सुचवण्याचं आश्वासन दिलं. पक्षांवरच्या बंदीबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी काठमांडूत अफाट जमाव जमला आणि राजवाड्याकडे जाणाऱ्या दरबार मार्गावर निघाला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, संचारबंदी लागली.

पहिला निर्णय: ८ एप्रिलची रात्र

राजवाड्यात गेलेले चौघे होते कृष्णप्रसाद भट्टराई, गिरिजाप्रसाद कोइराला, सहाना प्रधान आणि राधाकृष्ण मैनाली. त्यांच्यापुढे वाटा कमी होत्या.

बंदी उठवण्याची घोषणा स्वीकारून आंदोलन मागे घ्यायचं, ही एक वाट. दुसरी अशी की पंचायत व्यवस्था मोडून सत्ता अंतरिम सरकारकडे येईपर्यंत हटायचं नाही. तिसरी वाट आंदोलनाबाहेरच्या जास्त कडव्या डाव्या गटांनी लावून धरली होती: संविधान सभेची निवडणूक घ्या, राजाशी सौदा करू नका.

नेत्यांनी पहिली निवडली. त्यांच्या जागी बसून विचार केला तर ते समजतं. दोन दिवसांपूर्वी रस्त्यावर रक्त सांडलं होतं, सैन्य राजाशी एकनिष्ठ होतं आणि आणखी एक मोर्चा म्हणजे आणखी प्रेतं. शिवाय ज्या मागणीसाठी दोन वेगळ्या विचारांचे पक्ष एकत्र आले होते ती मागणी मान्य झाली होती. त्यापुढे काय, यावर त्यांचं आपसात एकमत नव्हतंच.

पण विजयाची मिरवणूक संपली तेव्हा लक्षात आलं की राष्ट्रिय पंचायत जागेवर आहे, तिचं सरकारही आहे. ते हटवायला आणखी आठवडाभर दबाव आणावा लागला. चंद यांनी राजीनामा दिला, १६ एप्रिलला पंचायत बरखास्त झाली आणि १९ एप्रिलला भट्टराई अंतरिम पंतप्रधान झाले. हे पद आधी गणेशमान सिंह यांच्यापुढे ठेवलं गेलं होतं. त्यांनी ते नाकारलं. नेपाळच्या राजकारणात असा नकार त्याआधी आणि नंतर फार थोड्यांनी दिला आहे, म्हणून त्याची नोंद इथे आदराने करतो.

अंतरिम मंत्रिमंडळात काँग्रेस, वाम मोर्चा, मानवी हक्कांसाठी झटणारे अपक्ष आणि राजाने सुचवलेले दोघे असे सगळे होते. त्यामुळे काम संथ झालं, पण पुढच्या वर्षी निवडणूक होईपर्यंत ते मंत्रिमंडळ टिकलं.

दुसरा निर्णय: राज्यघटना कोण लिहिणार

इथेही प्रश्न तोच होता. संविधान सभा की आयोग? आयोग नेमला गेला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विश्वनाथ उपाध्याय त्याचे अध्यक्ष होते आणि काँग्रेस, डावे व राजा या तिन्ही बाजूंची माणसं त्यात होती. काम वेगाने झालं. ऑक्टोबरमध्ये राजवाड्याकडून राजाचे अधिकार वाढवणारा वेगळा मसुदा पुढे आला, तेव्हा एवढा गहजब झाला की तो मागे पडला. ९ नोव्हेंबर १९९० रोजी राज्यघटना लागू झाली.

ही राज्यघटना कमी लेखू नये. सार्वभौम सत्ता नेपाळी जनतेत आहे असं तिने स्वच्छ शब्दांत लिहिलं; त्याआधी ती राजात होती. २०५ जणांची प्रतिनिधी सभा थेट मतदानाने निवडायची आणि सरकार तिला जबाबदार ठेवायचं ठरलं. राजाने आपले जवळपास सगळे अधिकार मंत्रिमंडळाच्या शिफारशीने आणि संमतीनेच वापरायचे होते. न्यायालय स्वतंत्र झालं, वर्तमानपत्रांना मोकळीक मिळाली. १२ मे १९९१ च्या निवडणुकीत काँग्रेसला ११० आणि एमाले या कम्युनिस्ट पक्षाला ६९ जागा मिळाल्या. खुद्द अंतरिम पंतप्रधान भट्टराई काठमांडूत एमालेचे नेते मदन भंडारी यांच्याकडून हरले आणि त्यांनी पराभव मान्य केला.

मात्र तीन गाठी सैल राहिल्या.

पहिली सैन्याची. सर्वोच्च सेनापती राजाच राहिला. सैन्याचा वापर त्याने राष्ट्रीय संरक्षण परिषदेच्या शिफारशीने करायचा होता, आणि या परिषदेत पंतप्रधान, संरक्षणमंत्री व सेनाप्रमुख असे तिघे. मंत्रिमंडळाने हुकूम दिला आणि सैन्य निघालं, अशी सरळ रेषा कुठेच नव्हती. सैन्याचं नावही ‘शाही नेपाळी सेना’ असंच राहिलं. जुलै २००१ मध्ये रोल्पा जिल्ह्यातल्या होलेरी इथे १९९६ पासून सशस्त्र लढा देणाऱ्या माओवाद्यांनी अनेक पोलिसांना पकडून नेलं. सैन्य पाठवलं गेलं, पण सरकारला हवी होती तशी कारवाई झाली नाही. पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला यांनी राजीनामा दिला. निवडून आलेला पंतप्रधान स्वतःच्या देशाच्या सैन्यापुढे हतबल झाला होता.

दुसरी गाठ राजाच्या कृतीची. राजाने केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल न्यायालयात प्रश्न विचारता येत नव्हता. राजा फक्त सल्ल्यानुसार वागतो तोवर याने काही बिघडत नाही, कारण जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर येते. त्याने सल्ल्याविना काही केलं तर मात्र दाद मागायला दारच नाही.

तिसरी गाठ कलम १२७ ची. नेपाळीत त्याला ‘बाधा अड्काउ फुकाउने’ अधिकार म्हणतात. राज्यघटनेच्या अंमलबजावणीत अडचण आली तर ती दूर करण्यासाठी राजाने आदेश काढावेत आणि ते संसदेपुढे ठेवावेत, एवढंच ते कलम.

आपल्याकडच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. भारताच्या राज्यघटनेत कलम ३९२ याच कामासाठी आहे आणि तिथे हा अधिकार राष्ट्रपतींना दिला आहे. पण त्याला एक परंतुक जोडलेलं आहे: नव्या राज्यघटनेनुसार गठित झालेल्या संसदेची पहिली बैठक झाली की असा आदेश काढता येणार नाही. म्हणजे भारताने तो अधिकार स्थित्यंतराच्या काळापुरता दिला आणि तारीख घालून परत घेतला. नेपाळच्या कलमाला अशी मुदत नव्हती. शिवाय आदेश संसदेपुढे ठेवायचा म्हटलं, तर संसदच नसेल तेव्हा काय, याचं उत्तरही त्यात नव्हतं. या एका वाक्याच्या उणिवेवर पुढे एक अख्खं राज्य पलटलं.

तिसरा निर्णय: २२ मे २००२

मधली वर्षं मी भरभर सांगतो. सरकारं वरचेवर बदलली. १९९४ मध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी सशस्त्र लढा सुरू केला. त्याआधी त्यांनी सरकारला दिलेल्या ४० मागण्यांत निवडलेल्या प्रतिनिधींनी नवी राज्यघटना लिहावी, राजघराण्याचे विशेषाधिकार संपवावेत, सैन्य लोकांच्या ताब्यात यावं, या मागण्या होत्या. १९९० मध्ये बाजूला ठेवलेल्या गोष्टीच बंदूक घेऊन परत आल्या होत्या. त्या दहा वर्षांत १३ हजारांहून अधिक माणसं मारली गेली. महाराष्ट्रात सोसायटीच्या फाटकावर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात आपल्याला भेटणाऱ्या नेपाळी माणसांपैकी कित्येकांनी गाव सोडलं ते याच काळात.

१ जून २००१ रोजी नारायणहिटी राजवाड्यातल्या हत्याकांडात बीरेंद्र आणि त्यांचं जवळपास सगळं कुटुंब गेलं. धाकटे भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले. नोव्हेंबरमध्ये आणीबाणी लागली आणि सैन्य माओवाद्यांविरुद्ध उतरलं.

मे २००२ मध्ये पंतप्रधान शेरबहादूर देऊबा यांना आणीबाणी वाढवायची होती. त्यांच्याच काँग्रेस पक्षाने ती वाढवू नका असं सांगितलं. देऊबांसमोर तीन पर्याय होते. पक्षाचं ऐकायचं, संसदेत मतदान घेऊन हरण्याचा धोका पत्करायचा, किंवा सभागृहच बरखास्त करायचं. त्यांनी तिसरा निवडला. २२ मे रोजी प्रतिनिधी सभा बरखास्त झाली आणि १३ नोव्हेंबरला निवडणूक ठरली. पक्षाने त्यांना काढलं आणि काँग्रेस फुटली. सर्वोच्च न्यायालयाने बरखास्ती वैध ठरवली.

जुलैमध्ये गाव आणि नगरपातळीवरच्या निवडलेल्या संस्थांची मुदत संपली. ती वाढवता आली असती. वाढवली नाही.

या दोन निर्णयांत राजाचा हात पुढे दिसत नाही; दोन्ही निवडून आलेल्या सरकारने घेतले. पण जुलै २००२ नंतर नेपाळमध्ये प्रतिनिधी सभा नव्हती, गावाचा अध्यक्ष नव्हता, शहराचा महापौर नव्हता. राजाला अडवण्यासाठी १९९० मध्ये जे जे उभं केलं होतं, ते पक्षांनी स्वतःच रिकामं करून ठेवलं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला देऊबांनी इतर पक्षांशी बोलून निवडणूक वर्षभर पुढे ढकलण्याची शिफारस केली, कारण युद्धात मतदान घेणं अशक्य होतं. पण राज्यघटना तर सांगते की बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक व्हायलाच हवी. हीच ती ‘अडचण’. ४ ऑक्टोबरला राजाने कलम १२७ चा आधार घेऊन निवडणूक लांबवली, देऊबांना काढलं आणि कार्यकारी अधिकार स्वतःकडे घेतले. आदेश संसदेपुढे ठेवायचा होता, पण ती संसदच उरली नव्हती.

चौथा निर्णय: पक्षांनी काय मागायचं

यानंतरची सव्वादोन वर्षं राजा आपल्या पसंतीचे पंतप्रधान नेमत राहिला: चंद, मग सूर्यबहादूर थापा, मग पुन्हा देऊबा. प्रत्येक नेमणुकीने पक्षांत फूट पडली, कारण प्रत्येक पक्षातल्या कोणाला तरी आता आपली पाळी असं वाटत होतं. जून २००४ मध्ये देऊबा परत आले, तेव्हा एमाले त्यांच्या सरकारात शिरला. ‘प्रतिगमन’ (राजाने देशाला मागे नेणं) ‘अर्धं सुधारलं’ असं त्या पक्षाने सांगितलं. आठ महिन्यांनी, १ फेब्रुवारी २००५ रोजी, राजाने ते सरकारही काढलं, आणीबाणी लावली, टेलिफोन बंद केले, नेत्यांना घरात कोंडलं आणि मंत्रिमंडळाचं अध्यक्षपद स्वतः घेतलं.

या सगळ्या काळात गिरिजाप्रसाद कोइराला एकच मागणी धरून होते: बरखास्त झालेली प्रतिनिधी सभा पुन्हा बसवा. अनेकांना ती जुनाट आणि अव्यवहार्य वाटायची. सभा १९९९ मध्ये निवडलेली, म्हणजे तिची पाच वर्षं २००४ मध्येच भरली होती. कायद्याने पाहिलं तर टीकाकारांचं म्हणणं बरोबर होतं. तरीही माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत नेमकी राजकीय समज कोइरालांच्या हट्टात होती. राजाने पंतप्रधान नेमला तर तो राजाचाच माणूस ठरतो. निवडून आलेली सभा परत आली, तर तिला राजाकडून काही मागून घ्यावं लागत नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीत राजाविरुद्ध एकत्र आलेले सात पक्ष आणि माओवादी यांच्यात १२ कलमी समझोता झाला. पक्षांनी संविधान सभेची मागणी मान्य केली, माओवाद्यांनी बहुपक्षीय लोकशाही मान्य केली. १९९० च्या एप्रिलमध्ये जे दोन गट एकमेकांकडे पाठ फिरवून उभे होते, ते पंधरा वर्षांनी समोरासमोर बसले.

राजाची बाजू दरम्यान आतूनच ढासळत होती. फेब्रुवारी २००६ मधल्या नगरपालिका निवडणुकांत जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राजाने नेमलेला भ्रष्टाचार नियंत्रण आयोग घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

६ एप्रिल २००६ ला सुरू झालेलं आंदोलन १९ दिवस चाललं. शहराच्या आत दिवसासुद्धा संचारबंदी होती, म्हणून लोक शहराभोवतीच्या चक्रपथावर जमू लागले. २० एप्रिलला याच मार्गावरच्या कलंकी इथे गोळीबारात माणसं मेली. भारताने करणसिंह यांना दूत म्हणून पाठवलं. काश्मीरच्या गादीचे वारस आणि नेपाळच्या राणा घराण्याचे जावई असलेला हा माणूस राजाला काय सांगेल, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. २१ एप्रिलला राजाने कार्यकारी सत्ता जनतेला परत करत असल्याचं सांगून पक्षांना पंतप्रधानाचं नाव कळवायला सांगितलं. भारतासह अनेक देशांनी स्वागत केलं.

ही १९९० च्या ८ एप्रिलचीच रात्र होती, पुन्हा आलेली. या वेळी पक्षांनी नकार दिला. त्यांना तो द्यावा लागला असंही म्हणता येईल, कारण रस्त्यावरचे लोक हटायला तयार नव्हते. २४ एप्रिलच्या रात्री राजाने प्रतिनिधी सभा पुन्हा बसवली.

परिणाम

सभा २८ एप्रिलला भरली. १८ मे २००६ रोजी तिने एक घोषणा एकमताने मंजूर केली. ‘श्री ५ को सरकार’, म्हणजे राजाचं सरकार, हे ‘नेपाल सरकार’ झालं. शाही नेपाळी सेना नेपाळी सेना झाली, राजाचं सर्वोच्च सेनापतीपद गेलं, राजाचं सल्लागार मंडळ असलेली राजपरिषद संपली, राजाच्या कृतीला न्यायालयात आव्हान देता येऊ लागलं आणि त्याच्या उत्पन्नावर कर लागला. १९९० मध्ये सैल राहिलेल्या गाठी एका दिवसात आवळल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये माओवाद्यांशी सर्वंकष शांतता करार झाला.

एप्रिल २००८ मध्ये ६०१ जागांच्या संविधान सभेची निवडणूक झाली. २८ मे रोजी तिने ५६० विरुद्ध ४ मतांनी नेपाळ प्रजासत्ताक घोषित केलं. ज्ञानेंद्र यांनी ११ जूनला राजवाडा सोडला. नवी राज्यघटना यायला मात्र दुसरी संविधान सभा आणि २० सप्टेंबर २०१५ ही तारीख लागली. तीत अडचण दूर करण्याचं कलम ३०५ आहे, आणि या वेळी त्याला मुदत आहे: नव्या संघीय संसदेची बैठक सुरू होईपर्यंत, तेही मंत्रिमंडळाच्या शिफारशीनेच.

सर्वांत उशिरा भरून निघालं ते गावपातळीवरचं नुकसान. १९९७ नंतरची स्थानिक निवडणूक २०१७ मध्ये झाली. २००२ च्या जुलैत जे खातं न वाढवलेल्या मुदतीने बंद झालं, ते उघडायला पंधरा वर्षं गेली. त्या काळात शाळेत गेलेल्या मुलाने आपल्या गावात निवडून आलेला माणूस पाहिलाच नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

८ एप्रिलच्या रात्री आंदोलन मागे घेतलं, याला मी चूक म्हणणार नाही. माणसं मरत असताना दुसऱ्या कोणी ते करायला हवं होतं असं दूर बसून म्हणणं मला पटत नाही. पण आंदोलन मागे घेण्याआधी पंचायत बरखास्त करण्याची तारीख लिहून घेता आली असती. चौघांच्या हातात त्या रात्री होतं तेवढं वजन नंतर कधीच नव्हतं.

संविधान सभेबद्दल मी साशंक आहे. १९९० मध्ये ती घेतली असती तर राज्यघटना लांबली असती, आणि त्या लांबणीत राजवाड्याला पुन्हा संधी मिळाली असती. ऑक्टोबरचा मसुदा त्याची चुणूक होती. मात्र आयोगाकडे देशभरातून भाषा, धर्म आणि प्रदेशाबद्दल सूचनांचा ढीग आला होता. त्या बाजूला सारायला नको होत्या. मधेस (दक्षिणेचा सपाट तराई पट्टा), जनजाती (आदिवासी समाज) आणि दलितांचा जो राग पुढे उफाळला, तो त्या कागदांत आधीच लिहिलेला होता.

कलम १२७ ला एक परंतुक जोडायला वेळ लागला नसता, पैसा लागला नसता. शेजारच्या देशाची राज्यघटना आयोगातल्या वकिलांच्या टेबलावर होतीच. सैन्याचा प्रश्न त्या वेळी इतका सहज सुटला नसता, हे मान्य. राजाने तो शेवटपर्यंत धरून ठेवला असता. पण पहिल्या निवडणुकीनंतर काँग्रेसकडे स्वतःचं बहुमत होतं आणि राजा दबलेला होता. त्या वर्षांत कोणत्याही सरकारने या गाठीला हात लावला नाही.

मला सर्वांत जास्त बोचतो तो २००२ चा मे महिना. सभागृहात हरण्याची भीती प्रत्येक पंतप्रधानाला असते. तिथे हरून विरोधी बाकावर बसता येतं. सभागृहच नसेल तर बसायला बाकच राहत नाही.

राजा गेल्यानंतरही हा प्रश्न गेला नाही. पंतप्रधान के. पी. ओली यांनी डिसेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा मे २०२१ मध्ये प्रतिनिधी सभा बरखास्त करवली. दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने ती परत बसवली. १२ जुलै २०२१ च्या निकालात न्यायालयाने नव्या पंतप्रधानाचं नावही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शपथ घेतली ती शेरबहादूर देऊबा यांनी.